डावखुरा सारंगिया

तांबट आळीच्या शाळेत, फळ्याच्या उजव्या अंगाला
एक तक्ता लटकायचा: आपली वाद्ये.
कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी पट्ट्या,
घडीच्या रेघेत वीणेची मान मोडलेली.
ढोल नव्हता त्यात. नाशकात असून नव्हता.

शाळेत वाजणारी वस्तू एकच, तास संपल्याची घंटा.
बाकी सगळं वामोरकर गुरुजींच्या छडीच्या टोकावर:
हे सरोद. हा भोपळा.
आवाज ते तोंडानं काढत
आणि सनईपाशी हमखास खोकला यायचा.

सारंगीवाला मात्र
डाव्या हातानं गज ओढायचा.
मी रोज बघायचो त्याला.
घरी हंड्यावर ठोके घालायचो डाव्यानं, कुणी हटकत नसे;
इथं त्याच हातानं पाटी लिहिली
म्हणून बोटांवर वळ.

एकदा विचारलंच.
गुरुजी तक्त्याजवळ गेले, चष्मा कपाळावर सारला.
"शिळेवर उलटं काढावं लागतं, बाळ,
तेव्हा कागदावर सुलटं उमटतं.
हा गृहस्थ विसरला.
अक्षरं तेवढी आठवणीनं उलटी काढली."
हसले. मग माझ्या बोटांकडे बघत
बराच वेळ गप्प.
खिडकीतून आळीतले हातोडे येत राहिले.

त्यानंतर छडी फक्त तक्त्यापुरती.

खरी सारंगी ऐकली पन्नाशीत, गंगेवरच्या एका मांडवात.
वाजवणारा उजव्या हाताचा.
सुरेख वाजवली.
मला मात्र सारखं वाटत होतं,
याला कुणीतरी उलटा छापलाय.