आतला खिसा

ब्लेझर आमच्या पाच जणांत एकच.
जळगावच्या फुले मार्केटातून अकराशे चाळीसला आणलेला,
प्रत्येकी दोनशे अठ्ठावीस.
रुलसिंग पावराकडे वरचे आठ सुटे नव्हते,
ते त्याच्या नावावर तसेच राहिले.
माप हितेंद्र नेहतेचं, कारण तोच सगळ्यांत रुंद,
बाकीच्यांनी आत जमेल तसं मावायचं.
नसीबा तडवीच्या बाह्या चार सेफ्टी पिनांनी वर,
आणि माझ्या अंगात
"टपालपेटी," जयवंत कोळी म्हणाला,
"फक्त लाल रंग द्यायचा राहिला, भो."

चोपड्याला, कॉलेजच्या सायकल स्टँडमागे,
संध्याकाळी, पत्र्याला हात लावता येईल इतका तो निवला
की आमचं पॅनेल बसायचं.
उमेदवाराला उलटी बादली.
हितेंद्र मधोमध, घसा खाकरून,
"टेल मी अबाउट युवरसेल्फ."

पहिल्या दिवशी मी गावाचं नाव सांगितलं,
बारावीचे टक्के सांगितले,
आणि संपले.
बादलीखाली एक खडा होता, तो तेवढा बोलत राहिला.
कुणी हसलं नाही,
हसले असते तर बरं झालं असतं.

नसीबा म्हणाली, "इंग्रजी ऱ्हाऊ दे.
अहिराणीमा सांग. तू कोन शेस? काय काय करस?"

मग मी गिरणीचं सांगितलं.
आठवीपासून वही माझ्याकडे.
कुणाचा डबा ज्वारीचा, कुणाचा कळण्याचा,
कुणाच्या कळण्यात यंदा उडीद कमी पडला,
हे मला झाकण उघडताच कळतं.
दगडाला टाकी द्यायला झाली
की आवाज आधी जाड होतो, मग पीठ,
आणि मी आवाजावरच पट्टा उतरवते.
लाइट गेली, बाया ओट्यावर खोळंबल्या,
तर कुणाला आधी आणि कुणाला उद्या
हे भांडण न होता ठरवते.

जयवंत लिहीत होता. वही माझ्यासमोर धरली:
मेंटेनन्स. क्वालिटी कंट्रोल. कस्टमर हँडलिंग.
"अरे," मी म्हटलं, "मला वाटलं ती गिरणी आहे."
तेव्हा मात्र सगळे हसले,
आणि मी बादलीवरून पडले.

सगळ्यांत आधी रुलसिंग गेला.
रात्रीच्या एसटीने परत आला, जेवला नाही,
ब्लेझर इस्त्री करून नसीबाकडे दिला.
झालं नाही, एवढंच बोलला.

आज मी निघाले.
तापीच्या पुलावर गाडी हळू झाली
तेव्हा सहज आतल्या खिशात हात घातला.

रुलसिंगचं अक्षर, डोंगर उतरल्यासारखं:
तिघं असतात. उजवीकडचा काही विचारत नाही,
लिहितो तोच. त्याच्याकडे बघून बोल.
सहाव्या प्रश्नाला मी गप्प बसलो.
उत्तर नंतर शोधलं. मागे लिहिलंय.
मागे खरंच होतं, आकृतीसकट.
आणि आठ रुपये, कागदात गुंडाळून.

नसीबाचं: पाणी देतात. पिऊ नकोस, नुसता ग्लास धर,
हात कुठे ठेवायचे हा प्रश्न मिटतो.

हितेंद्रचं, चाकणला जायच्या घाईतलं:
खुर्चीचं एक चाक मोडकं आहे. टेकू नको.

चौथ्या चिठ्ठीची मला अपेक्षा नव्हती.
जयवंत अजून कुठेच गेलेला नाही.
रोज प्रश्न तोच विचारतो,
बादलीवर बस म्हटलं की म्हणतो, आधी तुमचं होऊ दे.
त्याच्या चिठ्ठीत दोनच शब्द:
गिरणी सांग.

एमआयडीसीतल्या त्या ऑफिसात एसी इतका
की पिना गार लागत होत्या मनगटाला.
आत माझं नाव पुकारलं, आडनाव चुकवून.
मी चिठ्ठ्या होत्या तशा ठेवल्या,
पर्समधून एक कोरा कागद काढला,
चौघडी करून त्यांच्यामागे सरकवला,
जयवंतसाठी.
आत काय होईल ते त्यावर येईलच.
मग दार ढकललं.
ते ओढायचं होतं.
हेही लिहायला हवं.