पक्कं काम

सिव्हिल लाइन्समध्ये बेल दाबायची नसते.
फाटकाची कडी वाजवायची, मग थांबायचं.
कुत्रा म्हातारा असतो, भुंकत नाही,
बघतो फक्त, तुम्ही कोणाकडचे.

घारपुरे बाईंकडे पडदे विटलेले,
मोटार एकच, तीही बहुतेक झाकलेली,
आणि चहा इतका पातळ
की कपाच्या तळाचं फूल दिसावं.
मॅंगनीजच्या खाणी होत्या त्यांच्या एकेकाळी,
हे मला माळ्याकडून कळलं.
बाई काही सांगत नसत. तिथे सांगायचंच नसतं.
"चमक नको हं," दरवर्षी म्हणायच्या,
"नुसता हात फिरवा."

वीस वर्षं मी नुसता हात फिरवला.
सागवानी टेबल, बारा माणसांचं,
अंगभर ओरखडे, आणि एका कडेला
चिरुटाचा काळा डाग, चार आण्याएवढा.
सासऱ्यांचा तो. कुठल्याशा गोऱ्या साहेबाला
नाही म्हणताना टेकला गेला म्हणे.
डाग त्या कोणाला दाखवत नसत.
पाहुणेच विचारायचे.

मग एका मे महिन्यात फोन, आवाज अगदी नेहमीचा:
"गिऱ्हाईक बघाल का? नाव कुठे यायला नको.
आणि टेम्पो रात्री आणा."

बेसा रोडला शेषराव ढोबळेंचं घर
रात्री लांबूनच दिसतं.
चार एकर लेआउटमध्ये गेले,
त्यातून एक जेसीबी, त्यातून सहा.
बेल दाबली की आरती वाजते
आणि न विचारता भाव कळतात:
झुंबर नव्वद हजार,
फरशी इटलीची, ट्रकभाडं वेगळं.
जेवल्याशिवाय सोडलं नाही मला.
सावजी मटण, कपाळावर घाम येईस्तोवर,
त्यांच्याच शेजारी खुर्ची ओढून.
(सिव्हिल लाइन्समध्ये मी व्हरांड्याच्या आत
फक्त टेबलापर्यंत गेलोय.)
"मिस्त्री, आरसा करून टाका याचा.
तोंड दिसलं पाह्यजे."

तीन दिवस घासलं.
शंभर नंबरचा पेपर, मग दीडशे, मग दोनशेवीस.
गोरा साहेब, चिरूट, ते नाही म्हणणं,
सगळा भुसा होऊन माझ्या नाकात गेला.
वर मेलामाइनचे चार हात.
झुंबर खाली उलटं लटकलं.

बाई आता बजाजनगरला, फ्लॅटमध्ये.
परवा रस्त्यात भेटल्या, म्हणाल्या, "बरं आहे ना ते?"
म्हटलं, "चमकतं."
त्या किंचित हसल्या.
ढोबळेंनी मोजलेल्या सगळ्या नोटांपेक्षा
ते हसू जड होतं.

दिवाळीनंतर ढोबळेंचा फोन.
क्लबाच्या फॉर्मवर एका वकिलाची सही पाहिजे,
म्हणून जेवायला बोलावलं होतं त्याला.
"टेबलावरून हात फिरवला अन् म्हणे, वा, नवीन घेतलं?
नवीन! एक लाख ऐंशी हजार मोजले मी जुन्याचे!
त्याच्या घरच्या टेबलाले पाहा तुम्ही, मिस्त्री,
ओरखडेच ओरखडे.
पहिल्यासारखं करून द्या बाप्पा."

केलं. ओरखडे घालणंही काम आहे.
किल्ल्यांचा जुडगा, सायकलची चेन,
गरम कपाची तीन वर्तुळं, एकात एक अडकलेली.
हात सरळ जायला नको, घाई दिसायला नको,
साठ वर्षं दुपारभर झोपली होती असं वाटलं पाहिजे.
"अन् तो डाग?" त्यांना आठवला.
जुनी जागा मला माहीत होती.
त्यांनी माझं मनगट धरून दुसरीकडे नेलं.
"इथं. माझ्या खुर्चीसमोर."
मी बिडी पेटवली, दोन झुरके घेतले,
टेकवली.

आठवड्यानं उरलेले पैसे आणायला गेलो
तर वहिनी टेबलावर ओणव्या,
ओलं फडकं, थोडा सोडा, दंडाला पीळ पडलेला.
"सकाळपासून घासून राहिली भाऊ,
जातच नाही."

म्हटलं, जाणार नाही वहिनी.
पक्कं काम आहे.