पाऊण मूठ

सूस खिंडीच्या अलीकडे, पहाटे पावणेपाचला,
टाकी उतरवलेली माझी मोटारसायकल
सलाइन लावलेल्या पेशंटसारखी उभी.
हँडलला टांगलेली बाटली,
बाटलीवर मिलिलिटरच्या रेघा,
मुठीवर सुमेधाच्या नेलपॉलिशचे तीन ठिपके :
पाव, अर्धी, पाऊण.

वडील सांगत, मूठ हळू पीळ,
पेट्रोल काय नळाला येतं?
एकोणीस वर्षं त्यांनी ती हळूच पिळली,
पर्वतीच्या पायथ्यापासून भोसरीच्या गेटपर्यंत.
मागचे भोंगे
त्यांच्या हिशेबात कधी धरले गेले नाहीत.

मी त्यांचाच मुलगा, म्हणून मोजायला बसलो.

खालच्या दगडापासून वरच्या खांबापर्यंत.
पाव मुठीने एकतीस.
पुन्हा खाली. पुन्हा पाव मुठीने. एकतीसच.
अर्ध्याला अठ्ठावीस.
पाऊणला सव्वीस.
वाटलं, बाटली खोटं बोलतेय.

नाना पेठेत याकूब तांबोळी
हात पुसत पुसत म्हणाले,
झडप मिटून ठेवलीस ना, की इंजिन
चिमटलेल्या नळीतून उसाचा रस ओढतं.
रस येतो घोटभर, गाल दुखतात जास्त.
मग पूर्ण सोडू?
पूर्ण सोडलीस तर कार्बोरेटर
लग्नातल्या वाढप्यासारखा वाढत सुटेल,
कोण जेवलं, कोण उठलं, बघणार नाही.

पूर्ण मुठीने तेहतीस.

मग महिनाभर तेच.
गिअर एक वरचा, काटा खालीच,
पण इतकाही खाली नाही की इंजिनला ठसका लागेल.
पाऊणच्या किंचित अलीकडे एक जागा आहे.
तिथे आवाज बदलतो,
गिरणीत दाणा नेमका पडत असताना
जातं जसं बोलतं, तसा.
त्यानंतर मी ठिपक्यांकडे पाहिलं नाही.

अर्धवट टॉवरचा वॉचमन एकदा जवळ आला.
रोज वर जाता, रोज खाली येता,
काही हरवलंय का, साहेब?
मी बाटली दाखवली.
तो बराच वेळ रेघा वाचत राहिला,
मग म्हणाला, चहा घ्या.

हे सगळं शोधायला साडेअकरा लिटर जळलं.
वाचेल त्यातून ते फिटायला
दोन वर्षं चार महिने लागतील,
आजच्या भावाने,
आणि चहा धरला नाही तर.

रविवारी वडिलांना मागे बसवून
डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो.
सिग्नल सुटतो, मूठ आपली जागा शोधते,
गाडी अंगात आल्यासारखी नाही, पण मन लावून उचलते,
आणि खांद्यावर दोन बोटं पडतात :
हळू.

एकतीस, वजा सव्वीस.
त्यांना समजावता येईल, आकडे आहेत, वही आहे.
मी मूठ पहिल्या ठिपक्यावर आणतो.
मागे भोंगे वाजायला लागतात.
ते पाच मिलिलिटर
वहीत कुठेच लिहिलेले नाहीत.