कस

सकाळी सातला पहिला ट्रक येतो.
नागोयाहून, ओसाकाहून, कधी समुद्र ओलांडून,
तेव्हा पोत्यांवरचे शिक्के मला वाचता येत नाहीत.
आत सर्किट बोर्ड. हिरव्या पाट्या, हजारो,
शाळा सुटल्यावर टाकून दिल्यासारख्या.

माझं काम साधं आहे:
बॅटरी राहिली असेल तर काढायची,
अॅल्युमिनियमचे पंखे उपटून डावीकडच्या पिंपात,
टँटलमचे पिवळे दाणे चिमट्याने वाटीत,
उरलेलं पट्ट्यावर.
पट्टा भट्टीकडे जातो.
तिथे तांबं वितळतं आणि बाकीच्यांना पोटात घेतं,
सोनं, चांदी, पॅलेडियम,
एका रजईत सगळी भावंडं.
मग पुढचे कित्येक दिवस आम्ही त्यांना वेगळं करत बसतो.

दर गुरुवारी तोकुजी येतात.
वय एक्याण्णव. बर्फ असला तरी.
फाटकाशी बूट झटकतात
आणि खिडकीतून एकच विचारतात,
"आज कस किती?"
टनामागे किती ग्रॅम, असं.
मी आकडा सांगते.
"एवढा?" म्हणतात. विश्वास ठेवत नाहीत.

बत्तीस वर्षं ते या डोंगराच्या आत होते.
काळा दगड काढायचे,
ज्यात सगळे धातू एकमेकांत असे गुंतलेले
की सोडवता सोडवता भल्याभल्यांनी हात टेकले.
आमच्या गावाने नाही टेकले.
त्या वेळच्या भट्टीची नात
आता तुमचे फोन खाते.
गुंत्याची तिला घराण्यापासून सवय.

तेव्हा म्हणत, इथे सोन्याचा धूर निघतो.
धूर निघायचा, हे खरं.
समोरच्या तीन टेकड्या त्याने भादरल्या.
बीच गेले, चेस्टनट गेले, गवतसुद्धा गेलं.
मग कुणीतरी एक काटेरी झाड आणून लावलं,
पांढऱ्या घोसांचं. ते जगलं.
जूनमध्ये आम्ही त्याचा मध विकतो.
बाटलीवर धुराबद्दल काही लिहिलेलं नसतं.

गेल्या गुरुवारी त्यांनी हात आत घातला.
"एक दे."
नियमात बसत नाही.
नागिसाने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे.
मी दिली एक, तळहाताएवढी,
बटणांच्या जुन्या फोनमधली.
कळांच्या जागी सोनेरी वर्तुळं,
पाचाच्या कळेखालचं जास्त झिजलेलं.
त्यांनी ती उजेडाकडे धरली,
नखाने रेघ ओढून पाहिली.
काळ्या दगडावरची रेघ त्यांना वाचता यायची,
हिरव्यावर ती उमटेना.
आणि मी अडवायच्या आत
त्यांनी ती चाटली.

खाणीत असंच करायचे म्हणे.
कोरडा दगड मुका.
ओला झाला की रंग सांगतो,
आणि खाली पाणी जपून वापरायचं, म्हणून जीभ.

"अहो, शिसं असतं त्यात!"
"शिसं मला ओळखतं."
डोळे मिटून उभे राहिले. पट्टा चालूच.
माझ्यासमोर पाट्यांचा ढीग साचत गेला.
मग म्हणाले,
"खारट आहे."
धातूचीच चव असेल, मी म्हटलं.
"धातूची चव तू मला सांगणार?
मीठ आहे हे. घाम. कुणाचा तरी अंगठा."
आणि जरा वेळाने, स्वतःशीच,
"दगड कधी खारट लागला नाही.
लागला तर आमचाच असायचा."

रुमालाने पुसून त्यांनी ती परत दिली,
दोन्ही हातांनी, भेटकार्ड द्यावं तशी.
मी ती पट्ट्यावर ठेवली.
दुसरं काय करणार होते?
पाचाचं ते वर्तुळ रबरी पडद्याआड जाईपर्यंत
मात्र दुसरी उचलली नाही.

आज पुन्हा गुरुवार. बूट झटकल्याचा आवाज आला.
आज कस किती?
मी आकडा सांगितला.
तोकुजींनी भुवया उचलल्या,
"मीठ धरून, की सोडून?"