दारं धरणारा

खोन केनच्या इस्पितळात माझं काम साधं :
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं
आणि मिनिटं मोठ्याने सांगायची.
हातात कात्री नाही, चिमटा नाही.
कोपऱ्यात एक तराजू आहे, तोही माझाच.

टेबलावर खाम्पून. वय त्रेसष्ट.
ची नदीच्या कालव्यावर तीस वर्षं दारं धरलेला माणूस.
काल संध्याकाळी सांगत होता :
वरच्याला सहा तास, खालच्याला सहा तास,
सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा मिनिट वाढवून दिलं नाही.
मासा मात्र कच्चाच खाल्ला,
लिंबू पिळून, मिरची कुटून,
बाप खायचा तसा. गाव खातं तसा.
त्यातून आलेल्या शिताएवढ्या किड्यांनी
पित्ताच्या नळीत बिऱ्हाड केलं.
आता तिथे गाठ आहे.

काळीज म्हणतात ते छातीतलं नव्हे.
ते हे : उजव्या बरगडीखालचं, तपकिरी, जड,
मिनिटाला दीड लिटर रक्त
आत घेणारं, बाहेर सोडणारं.
ते अर्धं कापायचं
आणि सांडू द्यायचं नाही.

डॉक्टर नोप्परात मुळाशी फीत ओवते, आवळते.
"बंद."
"नऊ बारा," मी म्हणते.
पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू.
पुन्हा पंधरा. पुन्हा पाच.
वरचं पाणी अडलं की काळजाचा रंग उतरतो,
उपाशी पोराच्या तोंडासारखा.

उशाशी डॉक्टर अरुणी.
तिने त्याला सकाळपासून तहानलेलं ठेवलंय,
सलाइन मोजून, थेंबाला थेंब.
कालवा काठोकाठ भरलेला असला
तर बांध कुठेही फुटतो, तिला माहीत आहे.

दहा वाजून चार.
मागच्या बाजूने काळं रक्त आलं.
उसळलं नाही. नुसतं भरत गेलं,
शेतात पाणी चढावं तसं, आवाज न करता.
कुणी काही बोललं नाही.
नोप्परातने बोट ठेवलं. ठेवलंच.
मी मिनिटं सांगायची विसरले,
नोकरीत पहिल्यांदा.
मग केसाएवढा दोरा, एक टाका, दुसरा,
आणि तिने बोट उचललं
तापल्या तव्यावरून उचलावं तसं नाही,
झोपलेल्या बाळाखालून हात काढावा तसं.

"वेळ?"
"उशीर झालाय, दोन मिनिटं."
"सोड."

शेवटी माझा तराजू.
ओल्या घड्या एकेक करून,
कोरडं वजन वजा करून, बाटलीतलं मिळवून :
दोनशे ऐंशी.
चहाचे चार कप होतील, फार तर.
मी रक्तपेढीला फोन केला,
खाम्पूनच्या नावाच्या दोन पिशव्या मोकळ्या करा.
पलीकडचा म्हणाला, बरं झालं,
खाली बाळंतिणीसाठी कधीची शोधतोय.
नाव विचारायचं राहिलं.

रात्री अतिदक्षता विभागात गेले.
ओठांना साल आलेली.
"पाणी," तो म्हणाला.
मी कापूस भिजवून टेकवला, एवढंच,
आणि तोंडून निघून गेलं :
"तुमची पाळी नाही आली अजून."

डोळे न उघडता तो जरा हसला.
किंवा टाका ओढला असेल.
तीस वर्षं हेच वाक्य
त्याने बांधावर उभं राहून लोकांना ऐकवलं होतं,
आणि लोक शिव्या देत
घरी गेले होते.