जागेअभावी

अठ्ठावीस वर्षं पणजीच्या एका दैनिकात
मी रात्रपाळीला दुसऱ्यांची वाक्यं तपासली.
लाल शाई, समासात बारीक खुणा,
आकडे तेवढे मोठ्याने, दोनदा वाचायचे,
असा आमच्या खात्याचा रिवाज.

एकदा मडकईची चार ओळींची बातमी आली,
खाजनात रात्री माती पडते म्हणून.
मी तिच्यातला एक अनुस्वार काढला.
पहाटे पान लागलं तेव्हा ती नव्हती.
तिथे निळा तरणतलाव, पांढऱ्या खुर्च्या,
आणि बुकिंगचा नंबर.
वर्तमानपत्राच्या भाषेत याला म्हणतात
जागेअभावी.

आता फोंड्यात असते. झोप पातळ झालीय.
परवा अडीच वाजता उशीखाली फोन थरथरला.
प्रविता जल्मी. तिचा आजा मानस राखतो,
भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी
बांधातली लाकडी झडप.
एक्केचाळीस सेकंदांचा व्हिडिओ, खाली लिहिलेलं:
‘आमची मानस तोडली. खारं पाणि शेतात शिरतय. पाहुन जा.’

माझा हात सवयीने चष्म्याकडे गेला.
णी दीर्घ. त वर अनुस्वार. हू, तोही दीर्घ.
मग व्हिडिओ लावला.

दिसत काहीच नव्हतं.
टिपरचे दिवे, कोपऱ्यात तिचाच अंगठा,
माती घसरतानाचा आवाज,
ओलं गोणपाट फरफटावं तसा.
कुणी बाप्या म्हणाला, बंद कर गो तें.
तळहात आला, पडदा काळा झाला,
आणि त्या काळोखात ती पोरगी
गाडीचा नंबर वाचू लागली.
मोठ्याने.
दोनदा.

मी काही सुधारलं नाही.
णि ऱ्हस्वच राहू दिली आणि पुढे ढकललं:
भजनी मंडळाला, निवृत्त शिक्षिकांना,
दोहाच्या हॉटेलात पीठ मळणाऱ्या भाच्याला.
त्याने तिथून चर्चजवळचे फुटबॉलवाले उठवले.
पाचला कायतान होडी घेऊन आला म्हणे,
सहाला बायका. हातात कोयते नाहीत, फोन,
आणि टिपरवाले
तोंडाला रुमाल बांधत होते.

आठ वाजता दुसराच व्हिडिओ फिरू लागला:
बांध फुटलाय, घरं वाहतायत, किंकाळ्या.
तिथे मात्र लाल शाई बाहेर काढली.
लिहिलं, हा आपला गाव नव्हे. कौलं बघा.
दुकानाच्या पाटीवरची लिपी बघा.
कुणी विचारलं, म्हातारे, बिल्डरने किती दिले?
अठ्ठावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.
तेव्हा माझं नाव कुठे छापायचे?

टिपर गेले. माती अजून तिथेच आहे.
भरतीला तिच्या कडा विरघळतात, इंचभर,
आणि मानशीच्या नव्या फळीसाठी
वर्गणीचा हिशेब रोज रात्री ग्रुपवर येतो.
बेरीज दोनदा चुकली होती. सांगितलं.

आज प्रविता आली.
चिखलाचे पाय पायरीवर घासले,
घडी घातलेली नोटीस माझ्या हातात दिली:
अफवा पसरवणे, शांतताभंग,
मोबाईल संच ठाण्यात जमा करावा.
मी वाचली. पुन्हा वाचली.
एकही चूक नाही हो तीत.
शुद्धलेखनाची.