किल्लीचं पान

पुस्तकाचं काम खानापुरात सुरू झालं,
निंगोजी मेस्त्रींच्या पडवीत,
जिथं भुशाचा ढीग कोंबड्या
आमच्या आधी वाचून मोकळ्या होतात.

मेस्त्री सांगायचे, मी लिहायची.
म्हणजे सांगायचे नाहीत, करायचे.
सागाच्या सहा पट्ट्या, प्रत्येकीला खाच,
आणि खाच किती खोल विचारलं
की पटाशीवरून नजर न काढता,
"बोटाला कळंस्तवर."
बोट कसं छापायचं, सांगा.

मी चित्रं काढत गेले.
चाळीस वर्षं शाळेत मुलांना मडकी नि फुलदाण्या काढायला लावल्या,
आता लाकडाच्या आतला अंधार काढायचा होता,
एकात एक अडकलेला,
तोही तुटक रेघांनी.

दस्तगीर खराद्यांनी एक पेटी आणली, शिसवीची.
ना कडी, ना बिजागरी, ना कुठं फट.
टेबलावर ठेवून गरकन फिरवली
तशा आतल्या दोन पिना बाहेरच्या अंगाला पळाल्या
आणि झाकण हातात.
"अब्बांनी मरताना सांगितलेलं हे," म्हणाले,
"लिहा. पण पुस्तक माझ्या पोराला सगळ्यांत शेवटी द्या.
त्यानं आधी चार वर्षं डोकं खाजवू दे."

सोमवारी बैलहोंगलहून बसवण्णेप्पा बडिगेर यायचे,
एका पिशवीत रंधा, दुसरीत भाकरी,
दोन्हीला सारखाच वास.
डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड,
मधे चित्र, दोघांचं.
चित्राला भाषा नसते, असं मी तेव्हा म्हणायची.

मग सहाव्या पट्टीवर मी बाण काढला
आणि घाईत लिहिलं: किल्ली.
ही पट्टी कोरी. तिला खाच नाही, काही नाही.
सगळ्यांत शेवटी आत जाते,
सगळ्यांत आधी बाहेर येते.
बसवण्णेप्पांनी ते घरी नेलं, नातीकडून वाचून घेतलं
आणि पुढच्या सोमवारी
पोकळ केलेली पट्टी घेऊन आले,
आत लोखंडी पिन, उलटं केलं की खाली घसरणारी.
"हे काय केलंत?"
"तुम्हीच लिव्हलाय की, बाई. कीलि.
आमच्यात कीलि म्हंजे कुलूप.
उघडतंय ते कीलिकै."

एकच शब्द.
मलप्रभेच्या पाण्यासारखा आमच्या दारावरून गेला
आणि त्यांच्या दारात पोचेपर्यंत
उघडायचा विसरून बंद करायला शिकला.
किंवा उलटं. आधी कुणाचं होतं,
यावर तिथं कुणी भांडलं नाही,
कारण तोवर मेस्त्रींनी ते हातात घेतलं होतं
आणि ते उघडत नव्हतं.

चहा निवला. लाईट गेली, आली.
मेस्त्री घामाघूम; साठ वर्षांत
लाकडानं त्यांना असं तोंड बंद करून दाखवलं नव्हतं.
दस्तगीरनी कानाशी धरलं, हलवलं,
मग टेबलावर ठेवून गरकन फिरवलं.
टिक्.
कोरी पट्टी सूतभर पुढं आली,
आणि बसवण्णेप्पाच सगळ्यांत मोठ्यानं हसले,
कारण ते असं उघडेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

अकरावं प्रकरण तेच आहे.
नाव कुणाचं घालायचं, यावर दोन सोमवार गेले
आणि शेवटी घातलंच नाही.
बाणापुढं आता शब्द नाही,
नुसता ठिपका.

परवा छापखान्यातून पहिली पानं आली.
मेस्त्रींनी चष्मा शोधला नाही.
हात लेंग्याला पुसले,
आणि माझ्या काढलेल्या खाचेवरून
तर्जनी फिरवली, हळू, एकदा, पुन्हा,
छापलेल्या कागदावर.

"अर्धा सूत कमी पडतंय," म्हणाले.

मी जाऊन मोजलं.
कमी पडत होतं.